जोराच्या वाऱ्यात लहान शिडाची होडी नांगरावर कशी टिकवावी? (गोवा किनारा)

मांडवीकाठ

नमस्कार. माझ्याकडे २२ फुटी, एका डोलकाठीची आणि लहान इंजिन असलेली शिडाची होडी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात शापोऱ्यापासून पाळोळ्यापर्यंतचा किनारा सवडीने फिरावा आणि रात्री होडीतच मुक्काम करावा, असा माझा व माझ्या धाकट्या भावाचा बेत आहे. शिडे हाताळण्याचे रीतसर शिक्षण आम्ही दोघांनीही घेतलेले आहे, त्यामुळे दिवसाच्या प्रवासाची चिंता नाही. प्रश्न रात्रीचा आहे.

सध्या होडीवर ८ किलोचा डॅनफोर्थ (बिजागरीवर हलणाऱ्या दोन सपाट पात्यांचा) नांगर, ६ मिलिमीटर जाडीची ५ मीटर साखळी आणि ३० मीटर निळा दोर एवढे सामान आहे. संध्याकाळचा १०-१२ नॉटांचा (ताशी सागरी मैलांचा) वारा या सामानावर निभावतो. परंतु मध्यरात्री वारा ३०-३५ नॉटांवर गेला तर काय करायचे? नांगर मोठा घ्यावा, दुसरा नांगर जोडीला घ्यावा, की दोर वाढवावा? मुक्कामाला कोणत्या जागा निवडाव्यात, हेही कृपया सांगावे. येथे दर्यावर्दी घराण्यांतील सदस्य आहेत आणि हौशी नौकानयन करणारेही आहेत. दोन्हींकडून ऐकायला आवडेल.

रापणकार

नांगराकडे नंतर येऊ. आधी तो निळा दोर बदला. मालीम जेटीजवळच्या दुकानांत जो निळा-हिरवा दोर मिळतो तो बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचा असतो. जाळ्यांच्या कामाला तो उत्तम, कारण तो तरंगतो, आणि नेमक्या याच कारणामुळे तो नांगराला वाईट. वारा पडला की सैल झालेला दोर पाण्यावर पसरतो आणि शेजारच्या होडीच्या पंख्यात अडकतो. शिवाय तो फारसा ताणत नाही, त्यामुळे लाटेचा प्रत्येक हिसका थेट नांगराला आणि होडीच्या खुंट्याला बसतो. तीन पदरी, १२ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर घ्या. तो बुडतो आणि ताण आला की लांबतो.

आता लांबीचा हिशेब. ओहोटीला ४ मीटर पाणी पाहून तुम्ही नांगर टाकलात असे समजू. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीत साधारण २ मीटरांचा फरक पडतो, आणि नाळेवरचा (होडीच्या पुढच्या टोकावरचा) रोलर पाण्यापासून आणखी १ मीटर वर असतो. म्हणजे हिशेबाची खोली ४ नव्हे, ७ मीटर. जोराच्या वाऱ्यात तिच्या सातपट, म्हणजे ४९ मीटर दोर-साखळी बाहेर हवी. तुमच्याकडे सगळे मिळून ३५ आहे. वादळी हवेत दहापट सोडावी लागते. म्हणजे ७० मीटर. नांगर कितीही चांगला घेतलात तरी ही लांबी नसेल तर तो धरणार नाही.

शून्य_नॉट

वाचनखूण साठवली आहे. भरतीचा फरक आणि नाळेची उंची खोलीत धरायची असते, हे बहुतेक जण विसरतात.

उधाणभरती

रापणकारबाबांनी सातपटीचा आकडा दिला, त्यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहितो, कारण कारण समजले की पाठांतराची गरज उरत नाही.

नांगर तळात रुततो तो आडव्या ओढीने, आणि सुटतो तो वरच्या ओढीने. म्हणूनच नांगर उचलताना आपण होडी बरोबर त्याच्या डोक्यावर आणतो. खोलीच्या तिप्पट दोर सोडला आणि तो ताठ झाला तर तळाशी त्याचा कोन जवळजवळ २० अंश होतो. पाचपटीला तो ११-१२ अंशांवर येतो, सातपटीला ८ आणि दहापटीला ६ अंशांच्याही खाली. तिप्पटीवरून सातपटीवर जाण्याचा लाभ फार मोठा आहे. त्यापुढे तो कमी कमी होत जातो.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या ओढीची. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २२ फुटी होडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, डोलकाठी व तारा धरून, ४ चौरस मीटर मानले तर २० नॉटांच्या वाऱ्यात होडी साधारण २५ किलो वजनाच्या जोराने मागे ओढली जाते आणि ४० नॉटांत तीच ओढ १०० किलोंच्या वर जाते. वेग दुप्पट, ओढ चौपट. आणि हा हिशेब होडी सरळ वाऱ्याकडे तोंड करून उभी राहील असे धरून केला आहे. प्रत्यक्षात हलकी होडी नांगरावर डावी-उजवीकडे झोके घेते, क्षणभर कूस वाऱ्याला देते, आणि त्या क्षणी ओढ कितीतरी वाढते. त्यातच लाट नाळ उचलते. दोर तुटतो किंवा नांगर सुटतो तो अशा हिसक्याला.

साखळीच्या वजनाने दोर खाली लोंबतो व हिसके गिळतो असे सांगितले जाते. हलक्या वाऱ्यात ते खरे आहे. परंतु ६ मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे ८०० ग्रॅम. तुमच्या ५ मीटरांचे ४ किलो. १०० किलोंच्या ओढीपुढे ती साखळी तारेसारखी ताठ होईल. अशा वेळी हिसका गिळण्याचे काम नायलॉनच करतो. तरीही साखळी हवीच, कारण तळाच्या खडकांवर व शिंपल्यांवर घासून दोर कापला जातो, साखळी नाही. ५ ऐवजी १० मीटर करा.

पातमारी

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या आजोळी मालवणी गलबते होती आणि तेथील शिकवण अशी की वजनाला पर्याय नाही. ८ किलोचा नांगर ही दुपारच्या जेवणापुरती थांबण्याची सोय झाली. वादळासाठी निदान १५ किलोचा नांगर हवा. तो जड वाटला तर कायमच्या मुक्कामाच्या जागी २०० किलोचा सिमेंटचा ठोकळा टाकून त्याला बोये (तरंगते फ्लोट) बांधावे, म्हणजे प्रश्नच मिटला.

उधाणभरती

@पातमारी, आपल्या घराण्याच्या अनुभवाविषयी आदर राखून दोन मुद्दे मांडतो.

ठोकळ्याचे वजन पाण्यात कमी होते. सिमेंट काँक्रीट पाण्यात आपले सुमारे ४० टक्के वजन गमावते, म्हणजे २०० किलोंचा ठोकळा तळाशी १२० किलोंचाच उरतो. लोखंड मात्र केवळ १३ टक्क्यांच्या आसपास गमावते. आणि ठोकळा नुसता टेकलेला असेल तर आडव्या ओढीला तो स्वतःच्या वजनाएवढाही विरोध करत नाही. चिखलात काही महिने रुतून बसला तर गोष्ट वेगळी. शिवाय मांडवीत किंवा जुवारीत कायमचे बोये टाकायचे तर बंदर कप्तान खात्याची परवानगी लागते.

दुसरा मुद्दा नांगराच्या आकाराचा. चांगला नांगर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सहन करतो, कारण तो जमिनीत खोल शिरून वरची माती दाबून धरतो. १९३३ साली जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नांगराच्या फाळासारखा सीक्यूआर नांगर काढला तो याच विचाराने: वजन कमी, पकड अधिक. पुढे डॅनफोर्थ आला, १९७० च्या दशकात ब्रूस आला आणि अलीकडच्या काळात स्पेड व रोकना आले. या शेवटच्या दोन प्रकारांत टोकावर भार किंवा वर कमान असते, त्यामुळे नांगर कसाही पडला तरी टोक खाली वळून रुतते.

पातमारी

काँक्रीटचा हिशेब पटला. आकाराविषयी एक भर घालतो, जी माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध जाते, परंतु लिहायला हवी. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी द्वारकेच्या समुद्रात जे दगडी नांगर शोधले, त्यांत तीन भोकांचे त्रिकोणी नांगर आहेत. वरच्या भोकातून दोर जाई आणि खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट ठोकत, म्हणजे ते तळात रुतावेत. नुसत्या दगडाच्या वजनावर त्या काळच्या खलाशांनीही विसंबून राहायचे नाकारले होते.

दोनापावलकर

नांगर सुटला तर काय होते हे गोव्याने मोठ्या जहाजांच्या बाबतीत पाहिलेले आहे. २००० सालच्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस कांदोळीच्या किनाऱ्याला लागली आणि बारा वर्षे तेथेच रुतून राहिली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नू शी नलिनी हे खलाशी नसलेले, पोटात नाफ्था हे ज्वालाग्राही तेल असलेले जहाज वादळी हवेत मुरगाव बंदराजवळच्या जागेवरून सुटून आमच्या दोनापावलच्या खडकांवर येऊन अडकले. त्या जहाजांचे नांगर टनांत मोजायचे होते. म्हणून मला वाटते की नांगरावर माणूस जागा असणे आणि वारा होडीला ज्या बाजूला ढकलेल तिकडे मोकळे पाणी असणे या दोन गोष्टी सामानाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मतलई

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. सामानाविषयी सहमत आहे. परंतु मूळ प्रश्न फेब्रुवारी ते मे या काळातील गोव्याच्या किनाऱ्याचा आहे, आणि या किनाऱ्यावर या काळात नांगर सुटण्याचे जे मुख्य कारण असते त्याचा अजून कोणी उल्लेख केलेला नाही. ते कारण वाऱ्याचा जोर नव्हे, वाऱ्याचे फिरणे हे आहे.

दुपारी खारा (समुद्रावरून येणारा) वारा वायव्येकडून चढतो, तीन-चारच्या सुमारास त्याचा जोर सर्वांत अधिक असतो आणि सूर्यास्तानंतर तो पडतो. होडी त्या वाऱ्याच्या वेळी येते, त्या वाऱ्याकडे तोंड करून नांगर टाकते, नांगर छान रुतल्याची खात्री करते आणि मंडळी स्वयंपाकाला लागतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारभर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढत असतात. संध्याकाळी किंवा रात्री ते गडगडत समुद्राकडे उतरतात आणि त्यांच्या पुढे पूर्वेकडून थंड वाऱ्याचा लोट येतो. काही मिनिटांत वारा शून्यावरून ३० नॉटांवर जातो, आणि तोही जवळजवळ उलट्या दिशेने. होडी गर्रकन फिरते, दोर नांगराच्या पाठीवरून जातो आणि त्याला रुतला होता त्याच्या उलट बाजूने उपसून काढतो.

यात डॅनफोर्थ सर्वांत कच्चा ठरतो. एका दिशेने तो विलक्षण धरतो, पण उपसला गेला की त्याची पाती पुन्हा उघडून रुततीलच याची शाश्वती नसते. पाती आणि दांडा यांच्यामध्ये एखादा शिंपला, काटकी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली की पाती हलतच नाहीत आणि नांगर सपाट फळीसारखा रेतीवरून घसरत जातो. मी असा नांगर वर घेऊन पाहिला आहे: बिजागरीत हाताच्या तळव्याएवढे कालव अडकलेले होते आणि पात्यांना चिखलाचा मागमूसही नव्हता.

म्हणून माझे सांगणे असे की नांगर आता वाहणाऱ्या वाऱ्यासाठी टाकू नये. रात्री फिरून येणाऱ्या वाऱ्यासाठी टाकावा. प्रत्यक्षात याचा अर्थ पुढीलप्रमाणे. मुख्य नांगर वळल्यावर पुन्हा रुतणारा, म्हणजे स्पेड किंवा रोकना जातीचा असावा, आणि डॅनफोर्थ दुसरा म्हणून ठेवावा. जागा निवडताना पूर्ण वर्तुळ मोजावे: ५० मीटर दोर असेल तर होडीच्या लांबीसह जवळजवळ ५७ मीटर त्रिज्येत खडक, दुसरी होडी किंवा मासेमारीचे जाळे असू नये. पूर्वेकडे विजा दिसू लागल्या की तो पहिला इशारा समजावा आणि त्याच वेळी आणखी दोर सोडावा, लोट येण्याची वाट पाहू नये.

रापणकार

मतलईताईंचा प्रतिसाद मूळ धाग्यात वर जोडावा अशी संपादकांना विनंती. आमच्याकडे जुनी माणसे रात्री पूर्वेकडे पाय करून झोपत, म्हणजे डोळे उघडले की आधी घाट दिसे.

मांडवीकाठ

मतलईताई, अनेक आभार. आम्ही केवळ जोराचा विचार करत होतो, दिशेचा नाही. मग दोन नांगर एकदम टाकले, एक वायव्येला आणि एक पूर्वेला, तर वारा फिरला तरी काम होईल का?

सारंग_मालवण

करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. विरुद्ध दिशांना टाकलेले दोन नांगर अरुंद नदीत उपयोगी पडतात, जेथे भरती-ओहोटीचा प्रवाह दर सहा तासांनी उलटतो आणि फिरायला जागा नसते. मोकळ्या उपसागरात होडी रात्रभर फिरते आणि सकाळी दोन्ही दोरांचा पीळ पडलेला असतो. वादळात एखादा दोर तातडीने सोडायची वेळ आली तर तो पीळ सुटत नाही. शिवाय बाजूने वारा आला की दोन्ही दोर ताठ होऊन दोन्ही नांगरांवर थेट वाऱ्यापेक्षाही अधिक ताण येतो.

वाऱ्याची दिशा निश्चित असेल आणि जोर वाढत चालला असेल तेव्हाच दुसरा नांगर पहिल्यापासून ४५ ते ६० अंशांवर, त्याच बाजूला टाकावा. त्याने होडीचे झोकेही कमी होतात. एरवी एकच मोठा, विश्वासाचा नांगर आणि भरपूर दोर.

दोनापावलकर

सारंग यांच्याशी मोकळ्या पाण्याबाबत सहमत, परंतु कोणी मांडवीत मुक्काम करणार असेल तर वेगळा विचार करावा. जोराची ओहोटी आणि समोरून खारा वारा अशी गाठ पडली की होडी प्रवाहाचे ऐकते, वाऱ्याचे ऐकत नाही; ती नांगराच्या पुढे जाते आणि दोर होडीच्या तळाच्या कण्याखाली किंवा सुकाण्यात अडकतो. तेथे १० मीटर साखळीचा खरा उपयोग होतो, कारण ती दोराला खाली खेचून ठेवते. फेरीबोटींचा आणि बार्जींचा मार्ग तर पूर्ण सोडावा.

काणकोणकर

जागांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो.

वायव्येच्या वाऱ्यात आग्वादच्या टेकडीची दक्षिण बाजू, नेरूलच्या तोंडाकडील पाणी, चांगला आडोसा देते. पाळोळ्याला उत्तरेकडचे टोक आणि काणकोण बेट मिळून बरा आडोसा होतो. या दोन्ही जागा नैर्ऋत्येला उघड्या आहेत, हे मात्र विसरू नये. नैर्ऋत्येकडून वारा किंवा मोठी लाट येणार असेल तर तेथे थांबणे म्हणजे किनारा पाठीशी घेऊन उभे राहणे होय; नांगर सुटला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. बागा-कळंगुटच्या उघड्या किनाऱ्यावर तर रात्र काढूच नये.

शापोऱ्याच्या आणि साळ नदीच्या मुखाशी रेतीचे बांध आहेत. आत गेल्यावर पाणी शांत असते, पण आत जायचे ते दिवसा, भरती चढत असताना आणि बांधावर लाट फुटत नसताना. वादळ आल्यावर आसऱ्यासाठी या मुखांतून शिरण्याचा प्रयत्न करणे हे नांगरावर राहण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आले तेव्हा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मच्छीमारांचे जे जीव गेले ते कोणी विसरलेले नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची सूचना हवामान खात्याने दिली की नांगराचा विचार न करता दोन दिवस आधीच नदीत वर जावे किंवा होडी पाण्याबाहेर काढावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असावा आणि व्हीएचएफ रेडिओवर १६ क्रमांकाची वाहिनी चालू असावी.

तळ कसा आहे हे पाहण्याची जुनी रीत अजूनही चांगली आहे. खोली मोजायच्या दोरीला बांधलेल्या शिशाच्या बुडाला थोडी चरबी किंवा साबण लावावा. वर येताना रेती, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे चिकटून येतात. काहीच न चिकटता नुसता ओरखडा आला तर खाली खडक आहे, पुढे जावे.

शून्य_नॉट

रात्री नांगर घसरतो आहे हे आत झोपलेल्या माणसाला कसे कळावे? मोबाइलवरचा इशारा पुरेसा आहे का?

सारंग_मालवण

इशारा लावावा, पण त्याची मर्यादा दोराच्या लांबीएवढी ठेवावी, नाहीतर वारा फिरताच तो विनाकारण वाजतो आणि तिसऱ्या वेळी माणूस तो बंद करून झोपतो. अंधार पडण्यापूर्वी किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत पाहून ठेवावेत; आग्वादला दीपगृह आहेच. ते एकमेकांपासून सरकत गेले आणि होडीचे तोंड फिरलेले नसेल तर नांगर चालू लागला आहे.

सर्वांत विश्वासाची खूण हाताला कळते. नाळेवर बसून ताठ दोरावर तळवा ठेवावा. नांगर धरून असेल तर दोर सावकाश ताठ होतो, सावकाश सैल पडतो. घसरत असेल तर दोरातून बारीक थरथर येते, मध्येच हिसका, पुन्हा थरथर. चिखलात ती थरथर फार मंद असते, म्हणून घाई न करता पाच मिनिटे हात ठेवावा.

मुक्कामाला पोहोचल्यावरची परीक्षाही करावी. नांगर भिरकावू नये, तळाला टेकेपर्यंत हाताने सोडावा आणि होडी मागे सरकत असताना दोर द्यावा. पूर्ण दोर दिल्यावर इंजिन उलटे चालवून हळूहळू जोर वाढवावा. या ओढीला जो नांगर सरकतो तो वादळात टिकणार नाही. उचलून पुन्हा टाकावा.

मतलई

आणि नांगरावर पांढरा दिवा, चारही बाजूंनी दिसेल असा. ७ मीटरांहून लहान नौकेला आडवाटेच्या पाण्यात नियमाने सूट आहे, परंतु आपल्या किनाऱ्यावर रात्री ट्रॉलर कोठून येतील याचा नेम नसतो, म्हणून त्या सवलतीचा फायदा घेऊ नये.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. १० किलोचा रोकना, १० मीटर साखळी आणि ७० मीटर नायलॉन घ्यायचे ठरवले आहे; डॅनफोर्थ त्याच्या स्वतंत्र दोरासह पिछाडीला ठेवू. दोन शंका उरल्या आहेत. रात्रभर दोर नाळेच्या रोलरवर घासतो, त्यावर काय उपाय करावा? आणि वाऱ्यात नांगर उचलणे अशक्य झाले, पण जागा सोडणे भाग पडले, तर?

रापणकार

घासण्यासाठी जुना होजपाइप हातभर कापून उभा चिरावा, दोरावर चढवावा आणि दोन्ही टोकांना सुतळीने दोराशीच बांधावा, म्हणजे तो जागचा हलत नाही. जोराच्या वाऱ्यात तासा-दीड तासाने अर्धा हात दोर आणखी सोडावा, म्हणजे एकाच जागी झीज होत नाही. शॅकलच्या (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीच्या) पिनेला तार बांधायला विसरू नका. सुटलेल्या पिना मी नांगर सुटण्याइतक्याच पाहिल्या आहेत.

दुसऱ्या शंकेची तयारी मात्र बंदरातच करायची. दोराचे शेवटचे टोक होडीला थेट गाठ मारून बांधू नका. ते मजबूत बारीक दोरीने आतल्या कडीला बांधा आणि ती दोरी एवढी लांब ठेवा की दोर संपला तरी तिचा भाग वर डेकवर, हाताशी येईल. सुरी नाळेजवळ अडकवलेली असावी. टोकाला एक मोठा फ्लोट आधीच बांधून ठेवा. वेळ आली की इंजिन चालू करा, फ्लोट पाण्यात टाका, बारीक दोरी कापा आणि निघा. वारा पडल्यावर फ्लोट शोधून नांगर परत घेता येतो. कापण्यापूर्वी दोर पंख्यापासून दूर गेला आहे ना, हे एकाने पाठीमागे उभे राहून पाहावे.